सिकलसेलच्या कार्डावर खुब्याची एक ओळ हवी : आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य,
तसेच सिकलसेल कार्यक्रमाचे राज्य व जिल्हा पातळीवरील अधिकारी आणि समन्वयक

विषय : सिकलसेल रुग्णांच्या खुब्याची तपासणी, दुखणं सुरू होण्याआधी

महोदय,

मी डॉक्टर नाही. पूर्व विदर्भातल्या तीन ग्रामीण रुग्णालयांत मिळून एकतीस वर्षं एक्स-रे काढले. भरती झालो तेव्हा क्ष-किरण तंत्रज्ञ होतो, निवृत्त झालो तेव्हा कागदोपत्री क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी. टेबल तेच राहिलं आणि 'हलू नका, श्वास धरा' हेही तेच. डार्करूमच्या लाल दिव्याखाली ओल्या फिल्म टांगण्यापासून सुरुवात केली आणि संगणकाच्या पडद्यावर शेवट. निदान करणं माझ्या अधिकारात कधीच नव्हतं. पण हजारो खुबे डोळ्यांखालून गेल्यावर माणसाला काही गोष्टी न सांगता दिसू लागतात. आणि आपल्या मशीनला काय दिसत नाही, तेही उमगतं.

काही वर्षांपूर्वी कुरखेड्याकडचा एक मुलगा आला. वय एकोणीस. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे सोळाशे मीटरचा सराव चाललेला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, उजवा गुडघा, दोन व्ह्यू. फोटो काढला, गुडघा स्वच्छ. महिन्याने परत तोच मुलगा, तोच गुडघा, तसाच स्वच्छ. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी विचारलं, नेमकं कुठं दुखते बाबा? त्याने तळहात जांघेवर ठेवला, मांडीवरून खाली ओढत गुडघ्यापर्यंत नेला आणि म्हणाला, "इथून इथवर दुखते जी." मी डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी चिठ्ठी बदलून कमरेचा फोटो लिहिला. समोरून एक व्ह्यू काढला. दोन्ही खुबे नॉर्मल.

तेवढ्यात त्याच्या बापाने पिशवीतून, तिच्यातल्या दुसऱ्या पिशवीतून, एक कार्ड काढलं. सिकलसेलचं. एसएस पॅटर्न, म्हणजे आई-बाप दोघांकडून दोष आलेला, नुसता वाहक नाही तर रुग्ण. "कोणाले सांगू नका साहेब, पोराले भरतीतून काढून टाकतीन." कार्ड पाहिल्यावर सगळ्यांना उत्तर सापडल्यासारखं झालं. सिकलचं दुखणं आहे, दुसरं काय. फॉलिक ॲसिड, वेदनाशामक, पाणी भरपूर पी, धावणं बंद कर. सल्ला चुकीचा नव्हता, पण अर्धाच होता.

चौदा महिन्यांनी तो लंगडत आला. या वेळी फोटोत उजव्या खुब्याचा गोळा वरून चपटा झालेला दिसत होता. हाड आणि कुर्चा यांच्यामध्ये नखाच्या कोरीसारखी काळी रेघ होती. नागपूरला पाठवलं, तिथे एमआरआय झाला. उजव्याचं आम्हाला ठाऊक होतंच. रिपोर्टमध्ये दुसरी ओळ डाव्याची होती : डाव्या गोळ्याचा मोठा भाग मृत, आकार अजून शाबूत. तो डावा खुबा त्याला आयुष्यात एकदाही दुखला नव्हता.

ती पहिली नॉर्मल फिल्म मी मनातल्या मनात किती वेळा पुन्हा पाहिली असेल. आजही कोणी ती पाहिली तर नॉर्मलच म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल. माझी चूक एवढीच की मी समोरून एकच व्ह्यू घेतला. गुडघे बाहेर पाडून घेतात तो फ्रॉग लेग व्ह्यू कोणी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. त्यातही तेव्हा काही दिसलं असतं की नाही, देव जाणे. पण कोरीसारखी ती रेघ समोरच्या फोटोत येण्याआधी बहुधा त्या व्ह्यूमध्ये येते, हे मला माहीत होतं.

या आजाराचं डॉक्टरी नाव एव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, सगळे एव्हीएन म्हणतात. आमच्याकडे लोक म्हणतात, खुब्याचा गोळा सुकला. 'सुकला' हा शब्द ऐकताना वाटतं की हे हळूहळू होत असेल, विहीर आटावी तसं. मरण्याचा भाग मात्र फार भराभर उरकतो. मांडीच्या हाडाचं वरचं गोल टोक कमरेच्या हाडाच्या वाटीत फिरतं. त्याला रक्त देणाऱ्या मुख्य वाहिन्या हाडाच्या मानेला चिकटून वर चढतात. दुसरी धड वाट जवळजवळ नाहीच. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की भामरागड जसं तुटायचं, तसा हा गोळा तुटतो. सिकलसेलमध्ये ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि मज्जेतल्या बारीक वाहिन्यांत अडकून बसतात. शिवाय रक्त सतत तुटत असल्याने मज्जा दुप्पट कामाला लागलेली, गच्च भरलेली असते. आत दाब वाढला तरी हाडाची पेटी ताणली जात नाही. रक्त पूर्ण थांबलं की मज्जेतल्या रक्त तयार करणाऱ्या पेशी ६ ते १२ तासांत मरतात, हाडाच्या पेशी १२ ते ४८ तासांत, चरबीच्या पेशी २ ते ५ दिवसांत. आठवड्याभरात तेवढा तुकडा संपलेला असतो. आणि त्या आठवड्यात माणूस रोवणीला गेलेला असू शकतो, लग्नात नाचलेला असू शकतो.

एक्स-रेला यातलं काही दिसत नाही. एक्स-रेला पेशी दिसत नाहीत, कॅल्शियम दिसतं, आणि मेलेल्या हाडातलं कॅल्शियम जागच्या जागी असतं. वरची कुर्चाही जिवंत असते, कारण तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं. म्हणून गोळा गुळगुळीत, सांधा मोकळा, चाल सरळ.

लोक इथे वाळवीचं उदाहरण देतात, बाहेरून धड आणि आतून पोकळ. मला ते पटत नाही. मेलेलं हाड लगेच पोकळ होत नाही, ते काही काळ पहिल्याइतकाच भार पेलतं. खरी गडबड होते ती शरीर दुरुस्तीला लागल्यावर. जुन्या घराचा कुजका खांब बदलताना आधी आढ्याला धिरा देतात, मग खांब काढतात. शरीर धिरा देत नाही. कडेच्या जिवंत भागातून नव्या वाहिन्या आत शिरतात, मेलेलं हाड खरवडून काढतात, त्या जागी नवं घालू लागतात. काढण्याचा वेग घालण्याच्या वेगाहून जास्त. वरून माणसाचं वजन चालूच, डोक्यावर मोळी असेल तर तिचंही. कधीतरी कुर्चेच्या लगेच खालचा पापुद्रा मोडतो. फोटोत दिसणारी नखाच्या कोरीसारखी रेघ ती हीच. त्यानंतर गोळा बसतो, म्हणजे दबून चपटा होतो. एकदा बसलेला गोळा मोठ्या माणसात परत गोल होत नाही.

फिकाट आणि आर्ले या फ्रेंच डॉक्टरांनी या प्रवासाच्या पायऱ्या पाडून ठेवल्या आहेत. पहिल्या पायरीवर एक्स-रे नॉर्मल असतो. ती पायरी आहे हे एमआरआयवरच कळतं. एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात निरोगी गोळ्यातली चरबी पांढरी दिसते आणि मेलेल्या भागाभोवती काळी रेषा येते, नकाशात तालुक्याची हद्द आखल्यासारखी. ती हद्द दिसते तेव्हा रुग्णाला कधी जांघेत थोडं अवघडल्यासारखं वाटत असतं, कधी काहीच वाटत नसतं. ही मुकी अवस्था काही महिने चालते, काहींत काही वर्षं. माझ्या मते आपला सगळा कार्यक्रम या मुक्या अवस्थेच्या काळात डोळे मिटून बसलेला असतो.

कार्यक्रमाला नावं ठेवायची म्हणून हे लिहीत नाही. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ चं उद्दिष्ट, ० ते ४० वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी. आपल्या राज्याचं काम तर त्याच्याही आधीपासूनचं. बोटातून रक्त घेणं, सोल्युबिलिटी आणि इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ताच्या चाचण्या, कार्ड वाटणं, लग्नाआधी समुपदेशन. आशाताईंनी पायी फिरून केलेलं हे काम मी पाहिलं आहे. सिकलच्या दुखण्याचे झटके कमी करणारं हायड्रॉक्सियुरिया हे औषध आता खेड्यापर्यंत पोचतं, ही माझ्या उमेदीच्या काळात स्वप्नातली गोष्ट होती. पण हा कार्यक्रम रक्त मोजतो. मी पाहिलेल्या कार्डांवर हिमोग्लोबिनला रकाना होता, रक्त कधी चढवलं त्याला रकाना होता. हाडाला कुठे जागा नव्हती. सिकलसेलचा रुग्ण आता पूर्वीपेक्षा जास्त जगतो आहे, आणि जगलेल्या वर्षांत त्याला चालायचं आहे.

आकडे परदेशातले आहेत, पण दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. १९९१ साली अमेरिकेतल्या २,५९० सिकलसेल रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे दहा टक्के रुग्णांत खुब्याचं एव्हीएन आढळलं, अगदी पाच वर्षांच्या मुलांतही. हे साध्या एक्स-रेवर! म्हणजे पहिल्या पायरीवरचे त्या आकड्यात धरलेलेच नाहीत. पॅरिसजवळच्या डॉक्टरांनी २००६ साली दुसरा अभ्यास छापला, तो मला त्या कुरखेड्याच्या पोराचाच वाटतो. ज्यांचा एक खुबा दुखत होता अशा १२१ रुग्णांचा दुसरा, न दुखणारा खुबा त्यांनी सरासरी १४ वर्षं पाहिला. ११० दुखू लागले, ९३ बसले. ज्यांत एमआरआयवर बदल होते पण एक्स-रे साफ होता, अशा ४२ पैकी ४० दुखू लागले आणि ३६ बसले.

न दुखणाऱ्या प्रत्येक एव्हीएनचं असं होतं, असंही नाही. सगळी कारणं एकत्र धरून, दारू, स्टेरॉइड, सिकलसेल वगैरे, केलेल्या २०१० च्या एका मोठ्या आढाव्यात न दुखणाऱ्या ६६४ खुब्यांपैकी ३९४ पुढे दुखू लागले किंवा बसले, म्हणजे शंभरात एकोणसाठ. लहान आणि आतल्या बाजूचा डाग बहुतेक वेळा आयुष्यभर गप्प राहतो. मोठा आणि भार पडतो त्या जागेवरचा डाग गप्प राहत नाही. सिकलसेलवाल्यांचा धोका सगळ्यांत जास्त.

'आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो' हे वाक्य मी तीस वर्षांत किमान तीनशे वेळा ऐकलं. आपल्या भागातल्या अनेक रुग्णांत लहानपणीचं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, आदिवासी समाजांत अल्फा थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचा दुसरा जन्मजात दोषही सोबत असतो, त्यामुळे रक्त कमी तुटतं आणि वारंवार रक्त चढवावं लागत नाही. रक्तपेढीच्या हिशोबाने हा रुग्ण सौम्यच. पण त्याच अमेरिकी अभ्यासात एव्हीएनचा सर्वांत जास्त धोका कोणाला निघाला? एसएस आणि सोबत अल्फा थॅलेसेमिया असलेल्यांना. पेशी कमी तुटतात म्हणून रक्त घट्ट राहतं, आणि घट्ट रक्त बारीक वाहिन्यांत अडतं, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. एवढं माझ्यासारख्यालाही समजतं. ज्याला आपण सौम्य म्हणून सहा महिन्यांनी बोलावतो, त्याचाच खुबा जास्त पाहायला हवा.

मुंबई-पुण्याला एव्हीएन हा शब्द २०२१ साली कळला. कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेल्या तीन रुग्णांची नोंद मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. कोविडचं निदान झाल्यापासून सरासरी ५८ दिवसांत खुबे दुखू लागले होते, एरवी सहा महिने ते वर्ष लागतं तिथे. वर्तमानपत्रांत मथळे आले, वाहिन्यांवर चर्चा झाल्या, कोणालाही खुबा दुखला की एमआरआय होऊ लागला. चांगलंच झालं. आमच्याकडे हाच आजार दोन पिढ्या लंगडत फिरत होता, त्याला मथळा मिळाला नाही. त्याला म्हणायचे, अंगात वारं भरलं.

आता मागणी. प्रत्येक सिकलसेल रुग्णाचा एमआरआय काढा, असं मी म्हणत नाही. तसा आग्रह जगात सगळीकडे धरला जात नाही, आणि आपल्याकडे तो धरला तर मशीनपुढे दोन वर्षांची रांग लागेल. माझं मागणं त्याहून स्वस्त आहे.

एसएस रुग्ण कुठल्याही कारणाने केंद्रावर आला की त्याला तीन जागा विचाराव्यात : जांघ, मांडी, गुडघा. नुसतं 'कुठं दुखते का' असं विचारलं तर तो नाही म्हणतो, कारण त्याचं काही ना काही नेहमीच दुखत असतं. मग त्याला उताणं झोपवून गुडघा आणि खुबा काटकोनात वाकवावा आणि पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला न्यावं. त्याने मांडी आत वळते. बिघडलेल्या खुब्यात बहुधा हेच वळणं आधी अडतं किंवा दुखतं. दोन्ही बाजू मिळून एक मिनिट लागतं. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना हे एका दुपारी शिकवता येईल. पहिल्या पायरीवरचा प्रत्येक खुबा यात सापडणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण आज एकही सापडत नाही.

एक्स-रेच्या चिठ्ठीवर सिकलसेल आहे हे लिहिलेलं असावं, आणि तसं असेल तेव्हा दोन्ही खुबे, समोरून आणि फ्रॉग लेग, हे न सांगता ठरलेलं असावं. लपवालपवीचा प्रश्न खरा आहे, मी त्या बापाला आजही दोष देत नाही. पण चिठ्ठीवर एखादी साधी खूण ठरवून घेता येईल. आणि अशा रुग्णाच्या रिपोर्टमध्ये 'नॉर्मल' एवढं लिहून कागद मिटू नये. 'एक्स-रे नॉर्मल, लक्षणं राहिल्यास एमआरआय' असं लिहावं. डॉक्टर बदलतो, गावं बदलतात, कागद मात्र रुग्णाच्या पिशवीत राहतो.

एमआरआय कोणाचा? खुबा आत वळताना अडतो त्याचा. जांघ-मांडी-गुडघ्याचं दुखणं काही आठवडे हटत नाही आणि एक्स-रे साफ आहे त्याचा. ज्याचा एक खुबा गेला आहे त्याच्या दुसऱ्याचा, तो दुखो न दुखो. शेवटच्या प्रकारात तर चर्चेलाच जागा नाही. नागपूरला त्या मुलाच्या दोन्ही खुब्यांचा एमआरआय झाला म्हणून डावा सापडला. एका बाजूचा लिहिला असता तर एकाच बाजूचा झाला असता. यासाठी मोठी तपासणीही लागत नाही. औषध न टोचता, दोन्ही खुबे एका चौकटीत, समोरून कापलेल्या चित्रांचा एखाददुसरा सिक्वेन्स. टेबलावर रुग्ण काही मिनिटं. महिन्यातला एक दिवस सिकलसेलच्या खुब्यांसाठी राखून ठेवला तर एका दिवसात बरेच होतील. भामरागडच्या माणसाला नागपूर तीनशे किलोमीटरहून लांब आहे. तो आज येतो, मशीन बंद असल्याचं कळतं, परत जातो आणि पुन्हा येत नाही. ठरलेला दिवस आणि गाडी, एवढं असेल तर तो येईल.

तुमच्यापैकी जे हाडांचे डॉक्टर आहेत ते विचारतील, सापडला तर करणार काय? प्रश्न रास्त आहे, त्याला मी बगल देत नाही. गोळ्यात भोक पाडून दाब कमी करायची शस्त्रक्रिया, कोअर डिकम्प्रेशन, लहान डागांत उपयोगी पडते असं बरेच जण मानतात. हाडासाठी दिल्या जाणाऱ्या औषधी गोळ्या-इंजेक्शनांबद्दल तज्ज्ञांत दुमत आहे. २००६ सालीच अमेरिकेत सिकलसेल रुग्णांवर एक तुलना झाली होती : एका गटाला फक्त व्यायामोपचार, दुसऱ्याला व्यायामोपचार आणि कोअर डिकम्प्रेशन. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८६ टक्के आणि दुसऱ्यातले ८२ टक्के खुबे टिकलेले होते. अभ्यास लहान होता आणि त्यातून शस्त्रक्रिया निरुपयोगी ठरत नाही. पण माझ्यासारख्याला त्यातून वेगळंच दिसतं. फिजिओथेरपिस्ट जिल्हा रुग्णालयात बसलेला आहे. त्याच्याकडे या पोरांना पाठवत कोणी नाही.

आणि करण्यासारखं बाकीचंही पुष्कळ आहे, ज्याला शस्त्रक्रियागृह लागत नाही. डाग माहीत असलेल्या पोराला सोळाशे मीटर धावू द्यायचं नाही. डोक्यावर मोळी, पाठीवर पोतं, तासन् तास वाकून रोवणी, हे शक्य तेवढं टाळायचं. टाळता येत नाही हे मलाही कळतं, पण माहीत असेल तर घरातली कामं वाटून तरी घेता येतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याला जाताना पाण्याचा डबा सोबत. दुखणं वाढलं तर काही आठवडे कुबडी, म्हणजे आढ्याला धिरा. गावातल्या 'पॉवरच्या इंजेक्शन'पासून लांब, कारण त्यात स्टेरॉइड असेल तर आधीच अडलेल्या रक्तावर आणखी संकट. हायड्रॉक्सियुरियाने मेलेलं हाड जिवंत होत नाही, पण नवे झटके कमी होतात. ती गोळी का चुकवायची नाही हे सांगायला समुपदेशकाला एक कारण जास्त मिळेल. आणि तो पोरगा बारावीनंतर काय करणार हे अजून ठरायचं असतं. खुब्याचं आधी कळलं असतं तर त्याने दोन वर्षं मैदानावर घालवली नसती. बसून करायचं काम शिकला असता. मला विचाराल तर तो एमआरआय एवढ्यासाठीही वसूल झाला असता.

गोळा बसल्यावरच्या खर्चाचा हिशोब तर तुमच्याकडेच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कृत्रिम खुब्याला पॅकेज आहे, त्याबद्दल आभारच. पण पंचविशीतल्या माणसात बसवलेला कृत्रिम सांधा आयुष्यभर पुरण्याची खात्री कोणी देत नाही. तो पुढे बदलावा लागू शकतो. सिकलसेलमध्ये जंतुसंसर्गाचा आणि सांधा सैल होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त, भूल देतानाही जास्त सांभाळावं लागतं. सरकार लाखाच्या घरातलं पॅकेज देतं आणि त्याआधीचा काही मिनिटांचा एमआरआय मात्र रुग्णाच्या नशिबावर सोडतं, हे गणित मला निवृत्तीनंतरही सुटलेलं नाही.

आश्रमशाळांबद्दल वेगळं लिहायला हवं होतं, इथे थोडक्यात लिहितो. लहान मुलांचा गोळा वाढता असतो, त्याला पुन्हा आकार घेण्याची थोडी तरी संधी मिळते. मोठ्यांना ती नसते. म्हणून लवकर सापडण्याचा सगळ्यांत जास्त फायदा आठ-दहा वर्षांच्या मुलांना. हीच मुलं आश्रमशाळेत असतात, घरापासून लांब. आई शेजारी असती तर पोरगं सकाळी उठून पाय ओढत चालतं हे तिच्या लक्षात आलं असतं. शाळेत ते खेळाच्या तासाला सोंग ठरतं. शाळा तपासणीच्या पथकाने डोळे, दात, वजन बघताना सिकलसेलच्या मुलांचे खुबे आत वळवून बघावेत. अधीक्षकांना आणि खेळाच्या शिक्षकांना एवढंच सांगून ठेवावं, की एसएस कार्डाचं मूल लंगडलं तर ते उद्या बरं होईल म्हणून थांबायचं नाही.

त्या मुलाचं पुढे काय झालं, तर उजवा खुबा बदलला. डाव्यासाठी तो वर्षातून दोनदा नागपूरला जातो. तालुक्याच्या ठिकाणी मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं आहे, उंच स्टूलवर बसतो. मला पाहिलं की चहा सांगतो. मी हे पत्र लिहितो आहे हे त्याला माहीत आहे. त्याने दोन अटी घातल्या : नाव घालायचं नाही, आणि धावण्यात तो गावात पहिला यायचा हे लिहायचं.

कार्डाची पुढची छपाई होईल तेव्हा हिमोग्लोबिनच्या खाली जागा काढावी. मजकूर मी सुचवतो. जमेल तसा दुरुस्त करून घ्या :

खुबा उजवा : आत वळतो / अडतो. खुबा डावा : आत वळतो / अडतो. शेवटचा एमआरआय : दिनांक ________

आपला,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ

ता. क. : माझ्या जागी आता जी तरुण मंडळी आहेत त्यांना. समोरचा व्ह्यू घेताना दोन्ही पायांचे अंगठे आत वळवून घ्या, साधारण पंधरा अंश, म्हणजे हाडाची मान लांब दिसते. फ्रॉग लेगला घाई करू नका. ज्याचा खुबा दुखतो त्याचा गुडघा पूर्ण बाहेर पडणार नाही, तो दाबू नका, खाली उशी द्या. आणि गुडघा किती पडला, कुठे थांबला, ते चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहून डॉक्टरांकडे पाठवा. विचारलं नसेल तरी.